उष्टी हळद

(कोथरूडमधलं मंगल कार्यालय, सकाळ. वरपक्षाच्या खोलीचं दार आतून बंद. आत नवरा मुलगा इंद्रजीत. बाहेर त्याचे वडील उत्तरेश्वर आणि थोरली बहीण पूर्वा.)

पूर्वा : दंड मारतोय तो, बाबा. म्हणून धपधप ऐकू येतंय.

उत्तरेश्वर : हळदीच्या दिवशी? अरे, पाटावर बसायचंय, आखाड्यात नाही.

पूर्वा : मला म्हणाला, अंग फुगल्याशिवाय बाहेर येणार नाही. व्यायाम केला की स्नायू थोडा वेळ फुगतात म्हणे. मग उतरतात.

उत्तरेश्वर : पुरीसारखे?

पूर्वा : हळू बोला. ऐकेल.

उत्तरेश्वर : इंद्रजीत! अरे, पाच सवाष्णी वाटी घेऊन ताटकळल्यात. तुझ्या मावशीचे गुडघे दुखायला लागलेत. तुझी आई सगळ्यांना दुसऱ्यांदा सरबत पाजतेय. ये बाहेर.

इंद्रजीत : दहा मिनिटं, बाबा.

उत्तरेश्वर : मघाशीही दहाच होती.

इंद्रजीत : टी-शर्ट घालून बसलो तर चालेल?

उत्तरेश्वर : हळद अंगाला लावतात, कपड्याला नाही. माझ्या लग्नात मी उघडाच बसलो होतो. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा होत्या. कुणी मोजल्या नाहीत.

इंद्रजीत : तेव्हा फोटो नव्हते.

उत्तरेश्वर : होता की एक. त्यात मी खांबाच्या मागे आहे.

पूर्वा : इंद्या, अख्ख्या खानदानात उघडं बसण्यासारखं अंग तुझं एकट्याचं आहे. आमचे हे बघ, ढेरी मांडीवर ठेवून बसले होते हळदीला. वर गाणी म्हणत होते.

इंद्रजीत : भाऊजींकडे कोण बघत होतं? माझ्याकडे बघणार. 'जिमला जातो म्हणे, मग गेलं कुठे सगळं?'

उत्तरेश्वर : कोण म्हणतं असं?

इंद्रजीत : म्हणत नाहीत. चेहऱ्यावर दिसतं.

उत्तरेश्वर : लेका, बारावीत काडी होतास काडी. गावाकडे गेलो की साऱ्या भावकीसमोर शर्ट काढायचास आणि विहिरीत उडी मारायचास. बाहेर काढायला मला दोरी घ्यावी लागायची.

इंद्रजीत : तेव्हा कळत नव्हतं मला.

पूर्वा : जिमच्या पाटीवर काय लिहिलं होतं रे? 'शरीर घडवा, आत्मविश्वास वाढवा.' शरीर घडलं. उरलेल्या अर्ध्या पाटीची चौकशी केलीस का कधी?

इंद्रजीत : जिमचे साई सर म्हणतात, अजून एक वर्ष दे. मग बघ.

उत्तरेश्वर : मग काय, लग्न वर्षभर पुढे ढकलायचं?

इंद्रजीत : मी म्हणालो होतो नम्रताला तसं.

पूर्वा : काय म्हणालास?

इंद्रजीत : हसली ती. तिला वाटलं, मी जोक करतोय.

पूर्वा : तुझा आवाज का असा येतोय? घसा बसलाय? चहा तरी घेतलास का सकाळी?

इंद्रजीत : पाणी बंद आहे.

उत्तरेश्वर : छे, नळाला मघाशीच होतं.

इंद्रजीत : मी बंद केलंय. काल दुपारपासून. पाणी नाही प्यायलं की कातडी आवळते. स्नायूंचे कट्स उठून दिसतात.

उत्तरेश्वर : अरे, निर्जळी करणाऱ्या बायकासुद्धा वर जोर काढत नाहीत!

इंद्रजीत : थांबलोय आता. जरा गरगरलं. बसलोय खाली.

उत्तरेश्वर : दार उघड.

इंद्रजीत : बाबा…

उत्तरेश्वर : उघड रे राजा. मी एकटाच येतो आत. पूर्वा, तो तांब्या दे इकडे. आणि तुझा फोन वाजतोय, तिकडे जाऊन घे.

इंद्रजीत : कडी लावा पाठीमागे.

उत्तरेश्वर : लावली. पी हे. सगळं पी. तांब्यातलं संपव आधी, मग बोल… बाप रे, केवढा झालायस तू! घरात सदा तो ढगळा स्वेटशर्ट. मी पाहिलंच नव्हतं तुला किती दिवसांत.

इंद्रजीत : असं नको. बापासारखं नको. नीट बघा आणि खरं सांगा.

उत्तरेश्वर : बरं.

इंद्रजीत : बघितलंत?

उत्तरेश्वर : हं… छान आहे की.

इंद्रजीत : थांबलात तुम्ही.

उत्तरेश्वर : कुठे?

इंद्रजीत : 'छान'च्या आधी.

उत्तरेश्वर : तूच म्हणालास ना नीट बघा? नीट बघायला वेळ लागतो.

इंद्रजीत : चांगलं असतं तर लागला नसता.

उत्तरेश्वर : अरे, जन्मभर खडकीच्या फॅक्टरीत तपासणीला होतो मी. माल कितीही चांगला दिसो, शिक्का मारायच्या आधी हात थांबवायचा. सवयच लागलीय ती. तुझी आई अजून आमटी कशी झाली म्हणून विचारत नाही मला.

इंद्रजीत : मग काय सापडलं?

उत्तरेश्वर : काही नाही सापडलं.

इंद्रजीत : पण शोधलंत.

उत्तरेश्वर : शोधलं म्हणजे… हे बघ, पटकन छान म्हणालो असतो, तर बघितलंच नाही म्हणाला असतास. बघून म्हणालो, तर शोधलं म्हणतोस. मी म्हणायचं तरी केव्हा?

इंद्रजीत : जाऊ दे, बाबा.

उत्तरेश्वर : स्वेटशर्ट का चढवलास परत? उकडतंय किती. इंद्रजीत, मला खरंच वाटलं रे, छान आहे म्हणून.

इंद्रजीत : तुम्हाला वाटणारच.

पूर्वा : बाबा, उघडा. मी आहे, पूर्वा. नम्रताच्या आईंचा फोन होता.

उत्तरेश्वर : ये. काय म्हणतायत?

पूर्वा : वरच्या मजल्यावर पाट मांडून तयार आहेत ते. नम्रता बसलीय. इथली उष्टी हळद वर गेल्याशिवाय तिला लावता येत नाही. मी म्हटलं, नवरदेव तयार होतोय. त्या म्हणाल्या, 'आमची मुलगी झालीसुद्धा.' मग नम्रताने फोन घेतला.

इंद्रजीत : काय म्हणाली?

पूर्वा : 'बरा आहे ना तो?' एवढंच.

इंद्रजीत : काय सांगितलंस?

पूर्वा : आहे म्हटलं. आणखी काय सांगू? भावाला खांदे आहेत पण पटत नाहीत, असं सांगू?

उत्तरेश्वर : पूर्वा, थांब जरा. बाळ, रागवून पाहू का? मी रागवलो तर येशील बाहेर?

इंद्रजीत : नाही.

उत्तरेश्वर : हं. म्हणूनच रागवत नाही.

इंद्रजीत : मला यायचंय, बाबा. खरंच यायचंय. दारापर्यंत आलो होतो मघाशी. कडीला हात लावला होता.

पूर्वा : मग इथेच लावू या? मी सवाष्ण आहे. वाटी आत आणते.

उत्तरेश्वर : पाच जणी लागतात.

पूर्वा : मी पाचदा लावते. बाहेर सांगा, मुलाला ताप आहे. मावशी दोन प्रश्न विचारेल आणि गुडघ्यांना आराम मिळाला म्हणून गप्प बसेल.

इंद्रजीत : फोटोवाला नको.

पूर्वा : नाही येणार.

इंद्रजीत : आणि तो आरसा.

उत्तरेश्वर : माझं उपरणं टाकतो त्याच्यावर. हे बघ. झालं? आता भिंतच आहे असं समज. काढ तो स्वेटशर्ट.

पूर्वा : हात बाजूला घे छातीवरून. अरे, बहीण आहे मी तुझी, तुला आंघोळ घातलीय… हं. असा. गार लागेल थोडी.

इंद्रजीत : ताई.

पूर्वा : काय रे?

इंद्रजीत : जरा जाड लाव ना.

पूर्वा : जाड?

इंद्रजीत : हं. खांद्यांवर. तेवढेच भरलेले दिसतील.

पूर्वा : बाबा, वाटीत नम्रतासाठी उरायला पाहिजे.

उत्तरेश्वर : तू लाव, बाई. मी आणखी कालवून आणतो.