केळीची परवानगी

शेजारी — म्हणून मग करवत घेऊनच आलो. शेंडा कोणी धरतंय, की मी एकटाच कापू?

नवरा — काय कापताय?

शेजारी — तुमचा ताड. माझ्या स्वयंपाकघरातलं ऊन अडवतो, काढू का, असं परवा संध्याकाळी बागेत तुम्हालाच विचारलं की. तुम्ही गप्प राहिलात. मौन म्हणजे संमती.

नवरा — परवा मी पडशानं अंथरुणात होतो.

बायको — आणि तुमचा कोट कुठे होता?

नवरा — केळीच्या अंगावर. बाहेर पाणी गोठतंय, उघडी ठेवू तिला? आधी पेंढा गुंडाळला, वर कोट, शेंड्याला कानटोपी.

बायको — म्हणजे भावोजींनी परवानगी केळीची घेतली.

शेजारी — वहिनी, चष्मा दुरुस्तीला दिलाय. कोट ओळखीचा, पोट ओळखीचं...

नवरा — पोट नाही, तो पेंढा आहे.

बायको — तेच म्हणतायत ते.

नवरा — ताडाला हात लागता कामा नये. रोपवाला म्हणाला होता, इथल्या थंडीत हे जगायचं नाही. पोटच्या पोरासारखा वाढवलाय.

बायको — पोटच्या पोराला कधी अंगावरचा कोट काढून दिला नव्हता ह्यांनी.

शेजारी — मग मी रोज संध्याकाळी बोलत होतो, ते कोणाशी?

बायको — रोज?

शेजारी — आमची ही गेल्यापासून घरात बोलायला कोण आहे? हल्ली तुमचे हे मध्ये न तोडता सगळं ऐकून घ्यायचे. म्हटलं, माणूस सुधारला.

बायको — मलाही खिडकीतून हेच उभे आहेत असं वाटलं. जेवायला चला म्हणून दोनदा हाक मारली.

नवरा — तुला तर चष्मा आहे.

बायको — म्हणून तर तिसऱ्यांदा नाही मारली.

नवरा — बास. कोट आत्ता काढतो.

शेजारी — नका काढू. गारठेल बिचारी.

नवरा — आणि ताड?

शेजारी — राहू दे. चहा पुढच्या खोलीत घेत जाईन, तिथे ऊन येतं. थंडी अजून किती दिवस आहे हो?

नवरा — असेल दोनेक महिने. मग कोट काढावाच लागतो, नाहीतर केळ आत कुजते.

शेजारी — बरं. तोवर तर तोवर.

बायको — नंतरही येत जा, भावोजी. बागेत नको, घरात. हे ऐकून घेतील. मध्ये एक अक्षर बोलणार नाहीत. काय हो?

(नवरा करवतीकडे बघत राहतो.)

बायको — बघा. मौन म्हणजे संमती.