चारशे पानं आणि एक चमचा

...आणि वर मला विचारतायत, "जावईबापू, चव घेऊन बघितली होती का तुम्ही?" चव! मी! अहो, चारशे माणसं जेवतात हो माझ्या हातचं! रोज! कारखान्याच्या कँटीनात मुख्य आचारी आहे मी, चौदा वर्षं झाली, भोंगा वाजला की दोन रांगा लागतात, भट्टीवरची माणसं, रंगखात्यातली माणसं, ऑफिसातली नाकं मुरडणारी माणसं, सगळी गपगुमान ताटं पुसून जातात, आणि मला सासूबाई फोनवरून विचारतायत चव घेतली होती का! कशाची? तर उकडलेल्या गाजराची. कुणासाठी? तर सात महिन्यांच्या, दोन दातांच्या, सहा किलो चारशे ग्रॅमच्या एका बाईसाहेबांसाठी. बाईसाहेब म्हणजे आमची कन्या. नाव आहे तिला, पण घरात कुणी घेत नाही, घ्यायची हिंमतच होत नाही, असा रुबाब.

तर झालं काय, बायकोची रजा संपली. बायको बस चालवते. मोठी बस, लांबलचक, मधे सांधा असलेली. ती चालवायला मिळावी म्हणून पाच वर्षं थांबली होती बिचारी, आणि नेमकी मिळाली तेव्हा बाईसाहेब पोटात. आता वेळेवर हजर झाली नाही तर ती बस दुसऱ्याला जाणार. मग मी म्हटलं, तू जा, मी घेतो तीन महिने रजा. बायको दारात उभी, गणवेशात, पायात बूट, हातात टोपी, आणि तिचा पाय निघेना. "जमेल ना रे तुला? दुधाबरोबर आता वरचं खाणं सुरू करायचंय. सगळं घरी करायचं, ताजं." मी हसलो. हो, हसलो मी! म्हटलं, "अगं, चारशे माणसं जेवतात माझ्या हातचं, एक पोरगी जेवणार नाही?"

त्या हसण्याची आठवण आली ना, की मला अजून भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं.

पहिला दिवस, गाजर. कसं केलं विचारा. कोवळी गाजरं निवडली, खरवडली, सारखे तुकडे केले, वाफेवर ठेवली, पाण्यात नाही हं, पाण्यात सगळा जीव उतरतो गाजराचा, मग वाटली, मग चाळणीतून काढली, मग परत बारीक चाळणीतून काढली, असं रेशमासारखं झालं की माझं मलाच कौतुक वाटलं. बाईसाहेबांना उंच खुर्चीत बसवलं, लाळेरं बांधलं, चमच्यावर एवढंसं घेतलं, अगदी एवढंसं, तोंड उघडलं त्यांनी, चमचा आत, तोंड बंद... आणि माझ्याकडे बघितलं. असं बघितलं, जसं साहेब चुकीच्या कागदावर सही मागणाऱ्या कारकुनाकडे बघतात. आणि मग फुर्रर्र! माझा चष्मा केशरी!

म्हटलं ठीक आहे, पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी भोपळा. फुर्रर्र. तिसऱ्या दिवशी सफरचंद. फुर्रर्र. चौथ्या दिवशी नाशपती, आणि नाशपती मात्र त्यांनी थुंकली नाही हो! मी आनंदाने टाळ्या वाजवल्या, लाळेरं सोडलं, उचलून खांद्यावर घेतलं, घरभर नाचलो, आणि वीस मिनिटांनी... वीस मिनिटांनी, तुम्हाला सांगतो, पाठीवर काहीतरी कोमट जाणवलं. गालात साठवली होती! सगळी! जशीच्या तशी परत केली!

आणि हे सगळं बघायला कोण? तर आमचे बाबा. माझे वडील. आई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. घड्याळजी. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून बसले, बोलणं कमी, आणि जे बोलतील ते घड्याळाच्या तेलासारखं, थेंबभर. मी त्यांच्या दुकानात बसावं अशी त्यांची फार इच्छा होती. मी आचारी झालो. मग सहा महिने बोलले नाहीत माझ्याशी. पुढे बोलायला लागले, पण माझ्या जेवणाला चौदा वर्षांत एकदाच काय ते म्हणाले असतील, "ठीक आहे." ते चारशेएकावे! चारशे माणसं जेवतात हो माझ्या हातचं, आणि हा एक माणूस म्हणतो ठीक आहे!

तर थुंकलेलं सोडा, पण वाटीत उरलेलं टाकवत नव्हतं मला, आचाऱ्याचा हात तो. मग दुपारी आमच्या दोघांच्या जेवणात तेच. गाजर. भोपळा. बाबा निमूटपणे चमच्याने खायचे. मी बर्फाच्या साच्यांतही ते भरून ठेवायला लागलो, फ्रीज उघडला की केशरी, पिवळे, हिरवे चौकोन, रंगपेटीच. एकदा बाबांनी सरबतात बर्फ म्हणून भोपळा टाकला. पूर्ण प्यायले. म्हटलं, "बाबा, तो भोपळा होता." तर म्हणाले, "मला वाटलं, हल्ली सरबतच तसं असतं आपल्याकडे." आणि ग्लास खाली ठेवून नुसते माझ्याकडे बघत बसले.

आणि फोनवर सासूबाई रोज. "वेलची लावा." "नका लावू." "चमचा बदला." "गाणं म्हणा." गाणं म्हटलं! मी! माझा आवाज म्हणजे कढई ओढल्यासारखा. गाणं म्हटलं, माकड झालो, टोपीतून ससा काढायचाच बाकी राहिला. चमच्याची बस केली, "आली आली आईची बस आली, दार उघडा!" दार बंद. ओठ असे मिटलेले की लोखंडी पान्यानेही उघडू नयेत.

मग महिना झाला आणि वजनाला गेलो. डॉक्टरीणबाईंनी बाईसाहेबांना तागडीत ठेवलं, काटा बघितला, परत बघितला, कार्डावर लिहिलं. महिन्याभरात किती वाढावं मूल? आमच्या बाईसाहेब वाढल्या होत्या पन्नास ग्रॅम. पन्नास! तेवढं तर त्यांच्या लाळेऱ्यावर असतं. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "घाबरू नका. पण आठवडाभरात फरक पडला नाही, तर रक्त तपासून घेऊ. आणखीही काही तपासण्या कराव्या लागतील." मी हसून "हो हो" म्हटलं. हसलो, पण नजर बाईसाहेबांच्या मनगटावर... त्या इवल्याशा हातात सुई? शीर तरी सापडेल का? आणि ती का, तर चारशे माणसांना जेवू घालणाऱ्या बापाला एक चमचा भरवता येत नाही म्हणून?

बायको दुपारी घरी आली. मी कार्ड ओट्यावर ठेवलं होतं. तिने वाचलं. बूट काढले नाहीत, टोपी काढली नाही, तशीच स्टुलावर बसली. रडली असती तर बरं झालं असतं हो. रडली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मी बस सोडते. सांगते उद्या डेपोत." आणि तेवढ्यात बाईसाहेब आईकडे बघून हसल्या, दोन दात दाखवून! मी म्हटलं, "एक आठवडा दे मला. एकच." ती म्हणाली, "बरं." आणि ते बरं इतकं थकलेलं होतं की मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो. उगाच.

त्या आठवड्यात मी काय केलं ते कुणाला सांगू नका. तांदूळ भाजून दळून त्याची पेज. मूग भिजवून, मोड काढून, सालं सोलून, एकेका मुगाचं साल! रताळं. वाटाणा, त्याचंही साल. वही केली, तासातासाची, काय दिलं, किती गेलं, किती आलं. आणि "आलं"च्या रकान्यात बहुतेक वेळा गेलेल्यापेक्षा जास्त! हे कसं शक्य आहे मला विचारू नका. आणि मी समोर बसलेला, चमचा घेऊन, डोळे फाडून त्या तोंडाकडे बघत. एक घास. एकच. गिळ गं. गिळ माझी आई.

पाचव्या दिवशी दुपारी मी गच्चीवर लाळेरी वाळत घालायला गेलो. अकरा लाळेरी होती. नववं दोरीवर टाकलं आणि वास आला. करपल्याचा! आचाऱ्याला तो वास म्हणजे... काय सांगू, तुम्हाला आग लागल्याची हाक जशी ऐकू यावी तसा येतो. तीन मजले उतरलो, चप्पल एक जिन्यात, एक दारात. आत येतो तर गॅसवर पातेलं, बूड काळं ठिक्कर, घरभर धूर, आणि जमिनीवर सतरंजी टाकून बाबा बसलेले! समोर ताटली. ताटलीत बटाटा. ज्या माणसाने जन्मात कधी पाणी उकळलं नाही, त्याने बटाटे उकडले होते! पाणी आटलं, बटाटे बुडाला लागले, अर्धे काळे, अर्धे फुटलेले.

मी ओरडलोच. "बाबा! काय हे! मला हाक मारायची!" बाबा म्हणाले, "दात आहेत रे माझे. लावलेले असले तरी आहेत. महिनाभर वाटलेलं खातोय. चावावंसं वाटलं काहीतरी." आणि मी पुढे बोलणार, एवढ्यात माझं लक्ष गेलं. बाईसाहेब त्यांच्या शेजारी बसलेल्या, उशीला टेकून. बाबा त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हते. आपला बटाटा खात होते, खिडकीकडे तोंड करून. मधेच बटाट्याचा मऊ कण चिमटीत धरायचे, घड्याळाचा स्क्रू धरावा तसा, बोटांत कुस्करायचे आणि ताटलीच्या कडेला ठेवून द्यायचे. बस. आणि एक गुबगुबीत हात यायचा, पाची बोटांनी तो कण पकडायचा, निम्मा नाकाला, निम्मा हनुवटीला, आणि उरलेला... तोंडात. आणि गिळायच्या! माझ्या डोळ्यांदेखत! करपलेला! बिनमिठाचा! एक, दोन, सात... बाराव्या कणाला मी मोजणं सोडलं आणि तिथेच दाराशी बसलो.

"बाबा... ती खातेय."

"खाईल की. भूक लागली असेल."

"माझं नाही खाल्लं तिने. महिनाभर."

बाबा जरा वेळ चघळत राहिले. मग म्हणाले, "तू चमचा घेऊन असा बघतोस तिच्याकडे, मलासुद्धा घास गिळवत नाही." आणि खिडकीकडेच बघत, "तुला दुकानात बसवलं होतं मी. तुझ्या हातून स्क्रू सांडायचे. मी म्हणायचो, पोराचा हात थरथरतो, हा घड्याळजी होणार नाही. आईनं तुझ्या तेव्हाच सांगितलं होतं मला... तुम्ही खांद्यावरून बघता म्हणून थरथरतो." मग ताटली माझ्याकडे सरकवली. "घे. खा तूही. तिकडे बघू नकोस."

खाल्ला मी. काय करणार? आणि मी खिडकीबाहेर बघत असताना माझ्या गुडघ्यावर एक चिकट हात पडला आणि माझ्या ताटलीतला बटाटा पळवला गेला. मी बघितलं नाही. शपथ सांगतो, मान वळवली नाही!

आठवड्याने वजन केलं. एकशेऐंशी ग्रॅम! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वा, आता तपासणी वगैरे काही नको. काय देताय सध्या?" चारशे माणसं जेवतात हो माझ्या हातचं, आणि मला तिथे तोंड वर करून सांगावं लागलं, "करपलेला बटाटा. वडील करतात." बाजूला बसलेल्या एका आईने लिहून घेतलं.

बायकोने बस सोडली नाही. घरी आली, बूट काढले, टोपी काढली, ताटलीतला उरलेला बटाटा तोंडात टाकला आणि म्हणाली, "अरे, काय सुरेख धुरकट वास आलाय! हे तू आधी का नाही करायचास?" मी बोलणं कमी केलंय.

मग मी म्हटलं, आपण करू की तसाच, त्यात काय. जमेना! तुम्हाला सांगतो, हात ऐकत नाही. पाणी आटायला लागलं की हात आपोआप गॅस बंद करतो, चौदा वर्षांची सवय. बाबा मागे उभे राहून, म्हणजे मागे नाही, दारात उभे राहून, पाठ करून सांगायचे, "लागू दे अजून." मी लागू दिला. बाईसाहेबांनी तोंडात घेतला, माझ्याकडे बघितलं... फुर्रर्र! मग बाबांनी केला. बाईसाहेबांनी मुकाट्याने खाल्ला.

आता रजा संपली, मी कँटीनात परत जातो, पण घरचा स्वयंपाक बाबांकडे. सगळ्यांचा. गाजर करपलेलं, रताळं करपलेलं, भात बुडाला लागलेला, आणि बायको, मुलगी, सासूबाई आल्या तर सासूबाईसुद्धा, मिटक्या मारत खातात. मला काम नाही असं नाही हं! ती काळी पातेली घासणार कोण? संध्याकाळी मी तारेची घासणी घेऊन मोरीत बसतो, हाताची सालटं निघेपर्यंत घासतो, आणि काल बाबा येऊन उभे राहिले, पातेलं उजेडात धरून डोळ्याजवळ नेऊन बघितलं आणि म्हणाले, "इतका जोर लावून घासू नकोस रे. बुडातली चव जाते."

...हळू घासतो आता.