न सांगता केलेली किल्ली

नाही म्हणजे नाही करून देणार, ताई. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं — आता काय दुकानावर पाटी लावू? उचला तुमची किल्ली. तुमची कसली, मुलाची! मघाशी तुम्हीच म्हणालात — रविवारचा घरी आलाय, जेवून झोपलाय, तेवढ्यात त्याच्या जुडग्यातून काढून आणली. पस्तीस वर्षं किल्ल्या करतोय मी, चोरसुद्धा तुमच्यापेक्षा शांतपणे येतो हो. आल्यापासून चारदा मागे वळून रस्ता बघितलात.

काळजी म्हणे! काळजी वाटते म्हणून लेकाच्या घराची चोरून किल्ली? मंगळवारी तीन तास फोन उचलला नाही — बरं, मग? झालं काय होतं? चार्जिंग संपलं होतं. संपलं ना? आणि तुम्ही त्याला तेवढ्यात न्हाणीघरात पाडलंत, डोकं फोडलंत, दवाखान्यात नेलंत — सगळं इकडे घरी खुर्चीत बसून! मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते उगाच नाही. वैऱ्याला एवढा वेळ कुठे असतो?

हसू नका. आमच्याच धंद्यातला एक जण आहे, त्याचं ऐका. मुलीनं नोकरीच्या गावी खोली घेतली. कुलूप कोण बसवणार? बापच कुलूपवाला म्हटल्यावर बापच. नवं लॅच, डब्यात दोन किल्ल्या, दोन्ही तिच्या हातात दिल्या — आणि त्याआधी तिसरी करून खिशात टाकलेली. का? असावी. काय हरकत आहे? बापाच्या खिशात आहे, कोणा परक्याच्या नाही! मग एक दिवस तिनं दोन तास फोन उचलला नाही. झालं. बस पकडली. खिडकीशी बसून गॅस फुटला, आग लागली, चार माणसांनी तिला जिन्यावरून खाली आणली — चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत आधी मामाला कळवायचं की काकाला, हेही ठरलेलं. घंटा नाही वाजवली. दार उघडलं सरळ. पडदे ओढून, कानात बोळे घालून पोरगी झोपली होती, रात्रपाळी करून आलेली. डोळे उघडले तर अंधारात एक माणूस उशाशी वाकलेला. अशी किंचाळली, अशी — अख्खा मजला गोळा झाला. आणि मला म्हणते — त्याला, त्याला म्हणते, "बाबा, आजवर मला इथे एकटीला कधी भीती वाटली नव्हती. आता वाटेल."

हो, मीच तो. बघता काय अशा? दुसऱ्याच दिवशी तिनं कुलूप बदललं. माझ्या मुलीनं! आणि कोणाकडून, तर तिच्या गल्लीतल्या त्या धसमुसळ्याकडून — एक स्क्रू सरळ मारता येत नाही त्याला. दारात उभा राहून बघितलंय मी नंतर, बाहेरूनच, तिनं आत घेतलं नाही तेव्हा. ती तिसरी किल्ली अजून आहे माझ्याकडे. कशालाच लागत नाही आता.

मग तिची अट — समुपदेशक बाईंकडे जा, तरच बोलेन. गेलो. बाई माझ्या मुलीच्या वयाच्या! कागद दिला, मधोमध रेघ. डावीकडे लिहा झालं काय, उजवीकडे लिहा मनानं काय रचलं. संताप आला मला — शाळेत घातलंय का या वयात? लिहिलं. डावीकडे तीन शब्द: फोन उचलला नाही. उजवीकडे पान पुरेना, मागची बाजू भरली. बाई म्हणाल्या, भीती चढते तशी उतरते, पण तुम्ही तिला उतरू देता कुठे? फोन लावला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि पुढच्या वेळी ती आणखी लवकर येते. खरूज खाजवावी तसं. तर खाजवायचं नाही. दहा मिनिटं नुसतं बसायचं, मग आणखी दहा. पटलं, म्हणता? मला नाही पटलेलं! तरी करतो. हा बघा, खणात कागदच कागद आहेत, कानशीखाली दाबून ठेवलेत.

तर जा आता, तो उठला की किल्ली त्याच्या हातात द्या आणि सांगा, करायला गेले होते, नाही केली. रागावेल. रागावू दे. माझी तर रागावतही नाही आता, जेवलात का विचारते फक्त. रविवारी. दोन वाजता ती फोन करते, मी करायचा नाही, असं ठरलंय.

काय? हो, घड्याळ बरोबर आहे. दोन वाजून पंचवीस. कळतंय मला! डावीकडे लिहायचं, फोन आला नाही. एवढंच झालंय. बाकी काही झालेलं नाही. उजवीकडचं तुम्ही विचारू नका, मी सांगणार नाही. उचला ती किल्ली आणि निघा —

थांबा. दुकानात गिऱ्हाईक असलं की मी फोनला हात लावत नाही. बसा त्या स्टुलावर. दहा मिनिटं. काही बोलू नका.