मामांचा डावा हात

तिले गाण्या-बजावण्याचं काही नाई, इंग्लिश मिडियमची पोरगी आहे, नाटकाले तू एकटीच जा, असं मामी भजे तळता तळता माझ्याबद्दल प्रणालीला सांगत होत्या, आणि मी मागच्या दारात पाण्याचा पितळी गुंड घेऊन उभी होते. मी गुंड तिथंच ठेवला आणि बादली घेऊन परत विहिरीकडे गेले, पाणी नको होतं तरी. काय सांगू तुम्हाला, मी अशीच आहे, बोलायची वेळ आली की मला काहीतरी काम आठवतं.

मी साकोलीची. वडील शिक्षक, मला पहिलीपासून इंग्रजी शाळेत घातलं, आता एका लॅबमध्ये रक्त-लघवीचे रिपोर्ट टाइप करते, एका कानात गाणं सुरू असतं, दुसरा कान डॉक्टरांसाठी मोकळा ठेवते. आंबागडला माझे मामा. ते धान पिकवतात, आणि धान निघालं की नाटकांत ऑर्गन वाजवतात. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच, घराघरात पाहुणे येतात, मग रात्रभर नाटक, आणि नाटकातली गाणी मंचापुढे बसलेल्या वादकांच्या साथीनं तिथल्या तिथं म्हणतात. त्या वादकांची एक सतरंजी असते. मी दहा वर्षांची असताना कोणाला न विचारता मामांच्या शेजारी जाऊन बसले होते, तर तबलेवाले म्हणाले, ही वाजवणाऱ्याईची जागा आहे बाई, बायाईकडं जा. मामा नुसते हसले. मी उठले ती उठलेच.

तेव्हापासून दुपारीच बायकांच्या बाजूला, अगदी टोकाला, पोत्याचा बोरा टाकून जागा धरते. तिथून बांबू आणि भोंग्याच्या मधून मामांचा उजवा हात दिसतो. डावा हात मी तेरा वर्षं पाहिलेला नाही. तो काय करत असेल ते ऐकून ठरवते. फोनमध्ये दरवर्षीचं रेकॉर्डिंग आहे, कोणाला माहीत नाही, मग मामींचं तरी काय चुकलं.

प्रणाली माझ्या मावशीची मुलगी, माझ्याहून चार महिन्यांनी मोठी, पुण्यात नोकरी करते, यंदा मंडईला आली होती. तिकडे गाण्याच्या कार्यक्रमाला गेलं की मनगटाला कागदी पट्टी बांधतात म्हणे, त्या पट्ट्या ती फेकत नाही, पर्सच्या बंदाला बांधते. ती आंघोळीला गेली तेव्हा मी त्या मोजल्या. अकरा होत्या. जेवताना ती सांगत होती, शहर गाण्यासाठी चांगलं कधी, तर हॉल लहान हवेत, आवाज साफ हवा, परत यायला गाडी हवी, आणि ऐकणारे मधेच बोलायला नकोत. मामा म्हणाले, आमच्या इथं तं लेकरू रडते, कुत्रं येते, मंग आमचं गाव काही चांगलं नाई बा. सगळे हसले. मीही हसले, पण मला हॉलचा हेवा नव्हता. ती सहज म्हणून गेली की ऑफिस सुटल्यावर मनात आलं तर मी एकटीच जाते, त्या एकटीनं जाण्याचा हेवा वाटला. मी एकदा नागपूरच्या एका कार्यक्रमाचं नाव घरी काढलं होतं, तर सोबत कोण, परतीची बस किती वाजता, आणि कायले पाहिजे ते, एवढे प्रश्न आले की मी नाव मागे घेतलं.

मग मामा पान लावता लावता प्रणालीला म्हणाले, तू पुण्याची, तुले समजते, आज माह्याजवळ बस सतरंजीवर. तबलेवाल्याले मी सांगतो.

दिवस मावळायला आम्ही मंडपात गेलो. मी माझ्या बोऱ्यावर. समोर मामांनी एक सूर धरून ठेवला होता, तबलेवाले हातोडीनं तबला चढवत होते, आणि प्रणाली मामांच्या डाव्या बाजूला बसून ते सगळं फोनमधून पाहत होती, म्हणजे तो हात तिच्यापासून वीतभर होता आणि ती स्क्रीन पाहत होती. मला राग आला म्हणू की रडू, कळलं नाही. मी उठले. बायकांच्या पायांतून, बोऱ्यांवरून, चपला हातात घेऊन, कोणी म्हणालं काहून उठली बाई, अजून सुरू तं होऊ दे. मी थेट सतरंजीच्या काठापर्यंत गेले. मामांचा सूर थांबला. तबलेवाल्यांनी मान वर केली. मंडपभर लोक, आणि मला घरी चार माणसांत नीट बोलता येत नाही.

पाणी आणायचं काही कामही नव्हतं तिथं.

मी म्हटलं, प्रणाली, तुह्या शहरात हे रोज असते. आज सरक, मले बसू दे.