व्हर्नाबाईंचे दीडशे आकडे

...आणि वर मलाच विचारतात, ‘पण हे करतं काय?’ अहो, चार महिने डोळे फोडले मी त्याच्यावर! पंचाहत्तर साली न्यू मेक्सिकोहून टपालाने खोकं आलं, उघडलं तर आत यंत्र कुठंय? नुसत्या पिशव्या! पिशव्यांत चिपा, तारा, स्क्रू... बोटं भाजली, जेवणाचं टेबल जळालं, पण जोडलं. आमच्या नेब्रास्कातल्या गावात असला कॉम्प्युटर दुसऱ्या कुणाकडे नाही, म्हणजे अडलं तर विचारायचं कुणाला, शेतातल्या मक्याला? पहिल्यांदा दिवे लागले तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. मग लक्षात आलं, घरात आपण एकटेच वाजवतोय. थांबलो.

बहिणीला ओमाहाला फोन केला. ‘आर्डिथ, चालू झालं.’

‘अरे वा. पण हे करतं काय?’

‘दोन आणि दोन चार करतं.’

‘लेलँड, तू वेळेवर जेवतोस ना रे?’

आता तुम्हाला सांगतो, त्याला ना कळफलक, ना पडदा. पुढे नुसते खटके. एक आकडा भरायचा तर आठ खटके वर-खाली करायचे, आणि गाण्याच्या प्रोग्रामला दीडशे आकडे. हो, गातं ते! शेजारी रेडिओ ठेवला की त्यात खरखर होते, तीच सुरात आणायची. फक्त बंद केलं की सगळं विसरतं.

तर दोन घरं सोडून राहतात त्या व्हर्ना ह्रुस्का. नवरा गेल्यापासून एकट्याच. माझी बायको मार्गी जाऊन अकरा वर्षं झाली, तेवढ्या काळात मी कुणाला घरी बोलावलं नव्हतं, पण धीर करून म्हटलं, रविवारी चर्च सुटल्यावर या, यंत्र दाखवतो. सकाळपासून दीडशे आकडे भरून ठेवले. बाई आल्या, सुके आलुबुखार घातलेले कोलाचे, म्हणजे गोड पाव, घेऊन आल्या, मी कॉफी ओतायला आत गेलो, बाहेर येतो तर काय... सगळं विझलेलं!

‘खोलीत कुणी नव्हतं, दिवे उगाच जळत होते,’ बाई म्हणाल्या, ‘म्हणून बंद केले.’

तीस सालच्या महामंदीत वाढलेल्या बाईला काय बोलणार? माझा चेहरा बघून त्यांनीच विचारलं, ‘मोडलं का हो माझ्या हातून?’

‘मोडलं नाही, विसरलं.’

‘मग परत सांगू या त्याला. आकडे कुठे लिहिलेत? मी वाचते.’

आणि चष्मा लावून बसल्या की शेजारी! ‘तीन, शून्य, तीन.’ खट, खट, खट. ‘दोन, एक, एक. अहो, दोन म्हटलं मी, दोन. लक्ष कुठंय तुमचं?’ लक्ष कुठं होतं, ते काय सांगायचं असतं? तासाभराने रेडिओतून पोल्का नाचाची धून वाजली, बाईंचा पाय टेबलाखाली ठेका धरायला लागला. ‘छान आहे हो,’ म्हणाल्या. ‘पण हे करतं काय?’

मग दर रविवारी यायला लागल्या. आणि दर रविवारी चर्चला निघताना मी ते स्वतःच्या हाताने बंद करून जायचो. विजेची बचत, दुसरं काय?

पण आम्ही यंत्रवाले! आम्हाला सुधारणा केल्याशिवाय चैन पडतं का? टेपरेकॉर्डरला जोडायचं नवं कार्ड आलं, मी ते बसवलं, आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, ‘व्हर्नाबाई, तुमचा त्रास संपला. आता टेपवरून एका मिनिटात भरतं, वाचायला कुणी लागत नाही!’

बाईंनी चष्मा काढला, डबीत ठेवला. ‘बरं झालं,’ म्हणाल्या. पुढच्या रविवारी आल्या नाहीत.

त्यांची ताटली परत द्यायचं निमित्त करून मी गेलो. ‘या की एकदा,’ म्हटलं.

‘बिघडलंय का?’

हो म्हणायचं होतं! एक अक्षर! पण चार महिने खपून जोडलेल्या यंत्राची बदनामी माझ्या तोंडून होईना. ‘छे, उत्तम चालतंय,’ म्हणालो.

‘मग माझं काय काम तिथे?’

अकरा वर्षांत घर एवढं मोठं कधी वाटलं नव्हतं मला. पोल्का वाजतो, टेबलाखाली पाय माझेच.

परवा आर्डिथ आली होती. यंत्र आपलं आपण गातंय, मी समोर कॉफी घेऊन बसलोय. ती म्हणाली, ‘लेलँड, खरं सांग. हे करतं काय?’

म्हटलं, ‘दोन माणसांचं काम एका माणसात भागवतं.’