मागे सरकवलेली सीट

(अंगणात गाडी उभी आहे, पुढचा दिवा फुटलेली. भाचा विमा कंपनीतर्फे पाहणीला आला आहे.)

भाचा : मामी, परत सांग. फाटकाच्या खांबाला धडकली तेव्हा गाडी तू चालवत होतीस?

मामी : हो म्हटलं ना! किती वेळा तेच तेच?

मामा : अरे, घरच्या माणसाची कसली उलटतपासणी करतोस? सही ठोक आणि चहा पी.

भाचा : थांबा हो मामा. मामी, जरा आत बस बघू. हां. आता ब्रेकवर पाय ठेव.

मामी : पोचत नाही रे.

भाचा : कसा पोचेल? सीट पार मागे आहे. काय, उभ्यानं चालवलीस?

मामा : सीट मी सरकवली. खाली झाडायला.

भाचा : मघाशी मी आलो तेव्हा तर म्हणालात, कालपासून गाडीला कुणी हात लावला नाही!

मामी : अहो, माझं नाव सांगितलं की काम लवकर होतं, म्हणालात ना? यात काहीतरी काळंबेरं आहे.

मामा : तू गप्प बस गं.

मामी : वा! खोटंही मीच बोलायचं आणि गप्पही मीच बसायचं?

भाचा : मामा, लायसन्स दाखवा.

मामा : असेल घरात कुठंतरी.

भाचा : घरात आहे, की जप्त झालंय?

मामा : ...तीन महिन्यांपुरतंच रे. सिग्नल तोडले म्हणे मी.

भाचा : आणि तरी चालवत होतात? मग कंपनी दमडीसुद्धा देणार नाही. मामीचं नाव लिहिलं, तर माझी नोकरी जाईल.

मामी : नोकरीचं राहू दे. अहो, तुम्ही सिग्नल तोडलात? रिकाम्या रस्त्यावरही थांबून राहणारा माणूस तुम्ही! मी वैतागायचे. खरं सांगा, तोडलेत की दिसलेच नाहीत?

मामा : झालं! आता हिची शंका सुरू.

मामी : बरं, मग सांगा. फाटकापाशी कोण उभं आहे?

मामा : ते होय? पेपरवाला. बिलासाठी आला असेल.

भाचा : मामा...

मामी : नात आहे तुमची. दप्तर पाठीला लावून उभी आहे, आजोबा गाडीतून शाळेत सोडतील म्हणून.