पट्टा पुरत नाही

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… नाही, असं नाही चालायचं. आधी माझं ऐका. हा फोन नाकिगोझीचा आहे. माकुम्बीची लेक, किगोझीची नात, सेबुग्वावोची पणती; कूळ उदमांजराचं. आता तुमचं सांगा, आणि बापाच्या नावासकट सांगा. नुसत्या 'मी बोलतेय'ला या घरात खुर्ची मिळत नाही…

काय?… फेलिस्ता?… अगं, माझ्या भावाची बायको तू! उभा जन्म तुझा आवाज ऐकत आले, आणि आज मला तो ओळखू येऊ नये? नंबर कुणाचा हा?… जोव्हियाचा. बरं, लेकीचा फोन घेतलास, हरकत नाही. पण आवाजाला काय झालंय? झऱ्यावरून पाण्याचा कॅन घेऊन टेकडी चढलीस का?… नाही?… बसली आहेस?… सकाळपासून बसूनच आहेस, आणि तीन शब्द झाले की थांबतेस. हं. बोल, कशाला फोन केलास?

हो… हो… शनिवारी नेसायची गोमेसी. हिरवी. मला विसरायला काय झालं, कापड मीच निवडलं… पट्टा?… पट्टा पुरत नाही म्हणजे काय? शिंप्यानं माझ्यासमोर माप घेतलं. कमरेला गाठ मारली तेव्हा दोन्ही टोकं गुडघ्याखाली वीतभर लोंबत होती. आता कुठवर येतात?… अंदाजानं सांगू नकोस, आरशापुढे उभी राहा आणि सांग… थांबते मी. सावकाश ऊठ…

मांडीवर. गुडघ्यापर्यंतसुद्धा नाही.

नाही, शिंप्याला निरोप धाडायचा नाही… माझा जांभळा पट्टाही मिळणार नाही. चिक्कू म्हण, कंजूष म्हण, काय म्हणायचं ते म्हण. फेलिस्ता, त्या कापडाला अजून पाणी लागलेलं नाही, ते आटेल कसं?… अंग भरलं? कोण म्हणतं?… चर्चमधल्या बायका. अर्थात. आपल्या बायकांना कुणी सुटलेली दिसली की टाळ्या, वाळलेली दिसली की सुतक. 'फेलिस्ता, किती छान जाड झालीस, आजार पळाला!' असंच ना?… वाटलंच. त्यातल्या एकीनं तरी तुझं मनगट पाहिलं का? ते तुझं तांब्याचं कडं आता कुठवर सरकतं?… कोपरापर्यंत. आणि गाल?… मग हे अंग भरलं ते एकट्या पोटातच का भरलं? हात नाही, मान नाही, गाल नाहीत. देव आशीर्वाद देतो तो सगळ्या शरीराला देतो, बाई. एकट्या पोटाला देत नाही.

हसू नकोस. हसलीस की खोकतेस… खोकला कधीपासून?… धुळीचा? धूळ तर मीही खाते, मला कुठे खोकला आहे?

अगं ऐक ना. मी विचारते तेवढ्याचंच उत्तर दे. काल रात्री काय जेवलीस?… मटोकेचे दोन घास. आणि वर शेंगदाण्याचं कालवण?… तेही नको वाटलं? शेंगदाण्याच्या कालवणाला तू नाही म्हणालीस! माझ्या भावाच्या ताटातलं ओढून खायचीस तू… हो, तो नाही म्हणून तुझी भूक गेली, हे कारण पहिल्या वर्षी चाललं असतं. आता नाही. दोन घासांत पोट गच्च होतं की नाही?… होतं.

झोपतेस कशी?… भिंतीला टेकून. आडवी झालीस तर?… छातीवर कुणी बसल्यासारखं. हं… लघवीला?… सारखं, आणि थोडं थोडंच… पाय? घोट्याजवळ बोट दाबून बघ. दाबून धर… आता काढ… खळगा राहिला?… दोन्ही पायांना?… एकच पाय जास्त सुजलाय, दुखतोय, गरम लागतोय, असं तर नाही ना?… बरं. ते वेगळंच संकट असतं, म्हणून विचारलं. ताप?… नाही. ठीक.

आणि यावर घरी काय चाललंय?… कडू पाला? कुणी दिला?… अगाथानं. वाटलंच मला. माझी धाकटी बहीण आहे, म्हणून सांगते: तिला पोट दिसलं की जंत, डोकं दुखलं की शेजारणीचा जादूटोणा. ती इथेच बसली आहे माझ्या ओसरीवर, केळी सोलते आहे. अगाथा, ऐकतेस ना?… ऐकते, मान खाली घातली आहे. तो रस आजपासून बंद. त्यानं जुलाब होऊन अंगातलं बळ जाईल, पोटातलं जायचं नाही.

बोलू का मी आता?… शेवटची केमो झाली तो दिवस आठवतो? नाकतोड्यांचा हंगाम होता, मी तुझ्यासाठी तळून नेले होते. घरी जायला तू एवढी उतावीळ, की बोचकं मांडीवर घेऊन बसली होतीस. डॉक्टरीणबाई सांगत होती आणि तू नुसती 'हो हो' करत होतीस. मी मात्र ऐकत होते. मी तिला पुन्हा पुन्हा बोलायला लावलं… रागावली असेल, रागावू दे. ती म्हणाली, अंडाशयाचा कॅन्सर झालेल्या बाईच्या पोटात पुढे पाणी साठू शकतं. कधी छातीत, फुप्फुसाभोवतीही साठतं. कपडे एकाएकी घट्ट होतात, थोड्याच घासांनी पोट भरतं, धाप लागते, पाय सुजतात. असं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही, निघून यायचं. ती कपडे म्हणाली. तिला काय ठाऊक, आपल्या गोमेसीत तीन बायका मावतात! त्या घेरात पोट कितीही वाढो, कुणाला दिसणार? पट्टा तेवढा खोटं बोलत नाही.

काय विचारलंस?… आजार परत आला का?…

ते मला माहीत नाही… नाही, मी तुझी समजूत घालणार नाही. आजार परत आला असेल, नसेलही. पाणी दुसऱ्या कारणांनीही होतं, असंही ती म्हणाली. आणि हे पाणीच आहे की आणखी काही, तेही मी कोण ठरवणार? ते तपासल्याशिवाय तिलासुद्धा सांगता येत नाही. मग तुला ओट्यावर बसून आणि मला ओसरीवर बसून काय कळणार? एवढं मात्र तिनं सांगितलं, की पाणी असेल तर ते सुईनं काढता येतं, आणि काढलं की माणूस पुन्हा आडवं झोपू शकतं. तुला आडवं झोपायचं आहे की नाही?…

रडून घे. मी आहे फोनवर.

…

झालं?… तोंड पूस. आता ऊठ, दुलई घे, औषधांची पिशवी घे, इस्पितळाची सगळी कागदपत्रं घे… शनिवारनंतर? का म्हणून?… फेलिस्ता, जोव्हियाची क्वांजुला आहे ती, आकाश कोसळणार नाही. पाहुणे येतील, मागणी घालतील, बोकड आणतील, टोपल्या आणतील, जातील… वरपक्ष काय म्हणेल? म्हणू दे. आई आजारी म्हणून परत फिरणारी माणसं असतील, तर ती फाटकातूनच फिरलेली बरी. मला तशी वाटली नाहीत. त्या मुलाचे कान मोठे आहेत, पण चाल सरळ आहे…

आणि तू शनिवारी करणार काय होतीस, सांग बघू? सासूनं जावयासमोर यायचं नाही. तू आतल्या खोलीत चटईवर बसून पडद्याच्या फटीतून बघणार, एवढंच ना?… मग! त्यासाठी श्वास गहाण ठेवायचा?

जोव्हिया कुठे आहे?… स्वयंपाकघरात. तिला यातलं काही ठाऊक आहे?… नाही. फोन मागताना काय सांगितलंस?… शिंप्याचं काम आहे म्हणून. वा. तिला हाक मार. आत्ता मार. आईनं पोट लपवून ठेवलं हे लेकीला लग्नानंतर कळलं, तर ती तुला माफ करील, स्वतःला करणार नाही…

काय?… बोडावर? तू? दुचाकीवर मागे बसून, या धापेनं, त्या खड्ड्यांतून? डोकं ठिकाणावर आहे का?… जावयाची गाडी आहे, पण सासूनं जावयाच्या गाडीत बसायचं नाही, हे मला शिकवतेस? जोव्हियाला ही रीत मीच शिकवली. गाडी माझी येईल. बोस्को!… बोस्को, गाडी काढ. मागची सीट मोकळी कर, उशा टाक… नाही, दोन नकोत, असतील तेवढ्या टाक!… हं, बोल.

आधी इथल्याच दवाखान्यात. धाप लागलेल्या बाईला घेऊन मी सरळ राजधानीचा रस्ता धरत नाही. ते तपासतील, प्राणवायू लागला तर लावतील, डॉक्टरीणबाईशी बोलतील. मग ती सांगेल तसं पुढे. पाणी काढलं आणि त्यांनी सोडलं, तर शनिवारी तू तुझ्या चटईवर असशील. नाही सोडलं, तर नाही. मी वचन देत नाही.

मी?… मी तुझ्याबरोबर. आणखी कोण?… हो, मला ठाऊक आहे. सेंगा मी आहे. नवरीची आत्या मी आहे. पाहुण्यांच्या गर्दीतून नवरा मुलगा मीच शोधून काढायचा, त्याच्या कोटाला फूल मीच लावायचं… हो. हो, आईवाचून क्वांजुला होते, सेंगावाचून पान हलत नाही. खरं आहे. आजवर घरातल्या एकाही भाचीच्या वेळी तो मान मी दुसरीला दिला नाही. ताप अंगात घेऊन उभी राहिले आहे…

अगाथा, इकडे ये. हात पूस आधी. त्या कपाटातली डबी आण… हीच. यात फूल लावायची टाचणी आहे. आईची. शनिवारी तू सेंगा… रडायला काय झालं? उभी राहा नीट… फेलिस्ता, ही रडतेय. दिसतंही कमी तिला. चुकीच्या मुलाला फूल लावील बघ… लावू दे! लोक हसतील, दंड म्हणून आणखी एक बोकड मागतील आणि खाऊन जातील.

नाही. नको, वन्सं-वन्सं करून विनवू नकोस. ऐक. तुझी स्वतःची क्वांजुला आठवते?… तू गप्प बस, तुला दम नाही, मी बोलते. माझ्या भावाकडून आम्ही तुझ्या बापाच्या अंगणात बसलो होतो. मी पोटुशी, दिवस भरत आलेले. येऊ नकोस म्हणाले होते सगळे. मला कोण अडवणार? आणि तिथंच, भाषणं चालू असताना, मला रक्त जायला लागलं. पाहुणीनं आतल्या घरात पाऊल टाकायचं नाही, आणि नवरीनं बोलावल्याशिवाय बाहेर यायचं नाही. सगळे एकमेकांची तोंडं बघत रीत सांभाळत बसले. तू मागच्या दारानं आलीस. तेव्हा मी तुला नीट पाहिलंही नव्हतं. कमरेचा पट्टा सोडलास, घडी करून माझ्याखाली घातलास, आणि कॉफीच्या पोत्यांच्या ट्रकात माझं डोकं मांडीवर घेऊन मिशनच्या दवाखान्यापर्यंत बसलीस. इकडे नवरीवाचून क्वांजुला झाली. तुझा बाप वर्षभर तुझ्याशी बोलला नाही…

तू मला विचारलं होतंस का तेव्हा, 'येऊ का' म्हणून?… नाही ना. मग मीही विचारत नाही.

हॉर्न?… बोस्कोच आहे. घाई झाली आहे त्याला… हो गं, तोच. ट्रकातच जन्माला येऊ पाहणारा. टक्कल पडलं आता, पण घाई गेली नाही. त्याला सांगितलं, कुणाला न्यायचं आहे. तुझ्यासाठी घरातल्या सगळ्या उशा घेऊन गेला. माझीसुद्धा.

जोव्हिया आली?… दे तिला. जोव्हिया, रडायचं नंतर. आईला उंबऱ्यापाशी खुर्चीत बसव, मागे टेकू दे. जेवायचा आग्रह करू नकोस, पाणी मागितलं तर दे. शनिवारी अगाथा आत्याचं ऐकायचं, आणि ती चुकली तर हसायचं नाही… शाबास. आईला दे.

फेलिस्ता, मी उतरतेय पायऱ्या. काठी आहे हातात… पट्टा? आण की. बांधू नकोस, घडी करून मांडीवर घे… काय?… उपकार? कसले उपकार! त्या दिवसाचं माझ्याकडे राहिलं होतं. बोस्को तुझ्या दारात गाडी लावील, मी माझी सेंगाची खुर्ची सोडून तुझ्याशेजारी बसेन, आणि ते फिटलं. पुरतं फिटलं. आता तुझं माझ्याकडे काही नाही आणि माझं तुझ्याकडे काही नाही…

यापुढे तुझ्यासाठी जे करीन, ते फुकट करीन. ठेव फोन. श्वास वाचव.